मॉरिशसमध्ये खासदार कसे व्हावे
चाकूर व पंचक्रोशीतील होतकरूंसाठी प्राथमिक मार्गदर्शन

आरक्षणाची सोडत झाली. शाळेतल्या पोरानं बरणीत हात घातला, चिठ्ठी काढली, आणि गणपतीपासून तुम्ही जो प्रभाग बांधत आणला होता तो भलत्याच प्रवर्गाला गेला. वहिनींना उभं करावं तर त्या ऐकत नाहीत. शेजारच्या प्रभागात सख्खा चुलतभाऊ आधीच दबा धरून बसलाय. चाकूर नगरपंचायतीच्या जागा सतराच. विधानसभेला अहमदपूर आणि चाकूर मिळून आमदार एक, आणि लातूरची लोकसभा २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव. अशा वेळी होतकरू माणसानं खचून जाऊ नये, नकाशा थोडा खाली सरकवावा. मुंबईहून विमानानं साधारण सहा तासांवर, हिंदी महासागरात, मॉरिशस नावाचं बेट आहे. तिथे संसद आहे, आणि त्या संसदेत जायला तुम्ही पात्र ठरू शकता.

ही थट्टा नव्हे. मॉरिशसच्या घटनेच्या कलम ३३ प्रमाणे उमेदवार राष्ट्रकुलातल्या कुठल्याही देशाचा नागरिक चालतो. वय किमान १८. आजवर सगळं मिळून दोन वर्षांचं वास्तव्य, आणि अर्ज भरण्याच्या लगेच आधीचे सहा महिने मुक्काम तिथेच. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्ट खिशात ठेवूनही तुम्ही तिथे अर्ज भरू शकता. मतदार यादीत नावही याच न्यायानं लागतं. २०१९ मध्ये कारखान्यांतल्या परदेशी कामगारांची नावं यादीत दिसली तेव्हा तिथे बरीच ओरड झाली होती. उलट मॉरिशसच्या माणसाला मात्र चाकूर तालुक्यात साधं ग्रामपंचायत सदस्य होता येणार नाही. इंग्रज जाताना जिथे जिथे अशा फटी ठेवून गेले, तिथे आपण डोळे उघडे ठेवायला हवेत. दोन वर्षं तिथे राहायचं म्हणजे व्हिसा आणि परवाना लागेल, तो तुमचा तुम्ही बघा. सगळंच मार्गदर्शनात सांगायचं तर कार्यकर्ता काय करणार?

चौथी अट इंग्रजीची आहे. संसदेच्या कामात भाग घेता येईल इतपत बोलता-वाचता आलं पाहिजे, असं घटनाच म्हणते. इथे आपल्याकडचे बरेच इच्छुक गळतील. गळू द्या, स्पर्धा कमी होईल. संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी, अध्यक्षांशी फ्रेंचमध्ये बोललं तरी चालतं, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, आणि चौकातली सभा क्रिओलमध्ये. त्या चौकात 'बंधू आणि भगिनींनो' चालणार नाही.

बेट केवढं, म्हणजे गाड्या किती लागतील

लहानसहान बेटं धरून देशाचं क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरच्या जरा वर. आपला लातूर जिल्हा एकटा सात हजारांच्या वर आहे. लोकसंख्या बारा लाखांच्या वर, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या लातूर जिल्ह्याच्या निम्मी. या निम्म्या जिल्ह्याला राष्ट्रपती आहे, पंतप्रधान आहे, परराष्ट्रमंत्री आहे आणि निवडून आलेले ६२ खासदार आहेत. लातूर जिल्ह्याला आमदार सहा. मराठवाड्याच्या अनुशेषावर इतकी वर्षं आपण बोलतो, पण हा अनुशेष कुठल्याच समितीनं मोजलेला नाही.

मुख्य बेटावर मतदारसंघ २०, प्रत्येकातून तीन खासदार. रॉड्रिग्ज हे वेगळं बेट, तिथून दोन. देशातले मतदार दहा लाखांच्या आसपास, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी पन्नास हजार. आपल्या अहमदपूर मतदारसंघात तीन लाखांच्या वर मतदार आहेत. तेवढ्या घरांचे उंबरे झिजवणाऱ्याला पन्नास हजार म्हणजे सकाळच्या चहाचं काम.

तीन फुल्या

मतदाराच्या हातात कागदाची मतपत्रिका पडते आणि त्यानं तीन उमेदवारांसमोर फुली मारायची. ग्रामपंचायतीला ज्यानं एकदा तरी पॅनेल उभं केलंय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. एका प्रभागात दोन-तीन सदस्य, तेवढीच मतं, आणि 'आपलं पूर्ण पॅनेल टाका हो' अशी घरोघर विनवणी. फरक एकच. आपल्याकडे आपल्या माणसाला तेवढं मत देऊन बाकीची मतं कोणाच्याच पदरात पडू न देण्याचा गनिमी कावा चालतो. तिथे तो चालत नाही. तीन म्हणजे तीनच. दोन फुल्या मारल्या तरी मतपत्रिका बाद आणि चार मारल्या तरी बाद. तीन मतं वेगवेगळ्या पक्षांत वाटून देणाऱ्या मतदाराला तिथे 'कूपे-त्रांशे' करणारा म्हणतात. असा मतदार दिसला की उमेदवाराची झोप उडते. क्रॉस व्होटिंगनं पडलेला एखादा पॅनेलप्रमुख तुमच्या ओळखीत असेलच, त्याचा चेहरा आठवा.

यंत्र नाही. कागद, फुली, पेटी, आणि दुसऱ्या दिवशी हातानं मोजणी. हरल्यावर यंत्राला दोष देण्याची सोय नसल्यामुळे दुसरं कारण आधीच शोधून ठेवावं.

सगळीकडे पॅनेल पद्धत असल्यानं वारं एकदा फिरलं की अर्धवट फिरत नाही. १९८२ मध्ये मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एका आघाडीनं जिंकल्या. १९९५ मध्ये दुसऱ्या आघाडीनं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिसऱ्यांदा तेच झालं. आणि याच्या उलट, २०१९ मध्ये ३७ टक्के मतांवर एका आघाडीला ६२ पैकी ३८ जागा मिळून गेल्या. तेव्हा आपण किती लोकप्रिय आहोत याची फार चिंता करू नका. कोणाच्या पॅनेलात आहोत याची करा.

पॅनेल कोणाचं घ्यावं

मोठे पक्ष चार. मजूर पक्षाची निशाणी किल्ली, एमएसएमची सूर्य, एमएमएमची हृदय, पीएमएसडीची कोंबडा. विचारधारा विचारू नका. मजूर पक्ष आणि एमएमएम १९९५ ला एकत्र होते, २०१४ ला होते, २०२४ ला होते. एमएमएम आणि एमएसएम १९९१ आणि २००० मध्ये एकत्र होते. मजूर पक्ष आणि एमएसएम १९८३, १९८७ आणि २०१० मध्ये. पीएमएसडी यातल्या प्रत्येकाच्या पंगतीला बसून आलेला आहे. पहाटेचा शपथविधी पाहिलेल्या महाराष्ट्रीय माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

एका गोष्टीचं मात्र वाटेल. २००० मध्ये एमएसएमचे अनिरुद्ध जगन्नाथ आणि एमएमएमचे पॉल बेरांजे यांनी ठरवलं, पहिली तीन वर्षं पंतप्रधानपद तुमचं, उरलेली दोन आमचं. बंद खोलीत कोण काय म्हणालं यावर पुढे वाद झाला नाही, कारण २००३ मध्ये जगन्नाथ खरोखरच उठले, राष्ट्रपती झाले, आणि बेरांजे पंतप्रधानपदावर बसले. हा प्रसंग गावाकडे सांगताना जपून सांगा, लोक विश्वास ठेवणार नाहीत.

घराण्याची सोय बघून ठेवा. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम, त्यांचे चिरंजीव नवीन रामगुलाम पंतप्रधान. अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान, त्यांचे चिरंजीव प्रविंद जगन्नाथ २०१७ मध्ये वडिलांच्या जागी, निवडणूक न होताच, पंतप्रधान. पीएमएसडीत द्युव्हाल घराण्याची तिसरी पिढी आहे. तुमचं आडनाव यात बसत नसेल तर निदान यांच्यापैकी कोणाच्या लग्नात आहेर देऊन या.

फॉर्ममधला अवघड रकाना

इथे जरा थांबा आणि नीट वाचा, कारण सगळ्या निवडणुकीचं मर्म या रकान्यात आहे.

अर्जात विचारलेलं असतं: तुमचा समाज कोणता? पर्याय चार. हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि सर्वसाधारण. सर्वसाधारण म्हणजे कोण, हे घटनेनं असं सांगितलंय की ज्याच्या राहणीवरून तो पहिल्या तिघांपैकी वाटत नाही तो. राहणीवरून! दाखला नाही, शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र नाही, आजोबांच्या नावाचा १९६७ पूर्वीचा पुरावा नाही, व्हॅलिडिटी नाही. तुम्ही लिहाल तो तुमचा समाज. कोणी हरकत घेतलीच तर सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश ठरवतो. एका दाखल्यासाठी हेलपाटे घालून चपला झिजवलेल्या माणसाला हे वाचून भरून येईल. पण रकाना कोरा सोडला तर अर्ज बाद.

तिथल्या काही तरुणांनी हा रकाना भरायचं नाकारलं. आम्ही मॉरिशियन आहोत, बाकी काही लिहिणार नाही, म्हणाले. प्रकरण न्यायालयांतून फिरत संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं आणि २०१२ मध्ये समितीनं मत दिलं की ही सक्ती योग्य नाही. मग २०१४ च्या निवडणुकीपुरती घटनेत दुरुस्ती झाली: ज्याला लिहायचं नाही त्यानं लिहू नये. निवडणूक झाली, दुरुस्ती संपली, रकाना परत आला.

तो कशासाठी लागतो? तर ६२ जण निवडून आल्यावर आणखी आठ जागा शिल्लक असतात, आणि त्या हरलेल्या उमेदवारांना द्यायच्या असतात. घाईत पुन्हा वाचायची गरज नाही, बरोबरच वाचलंत. पद्धतीचं इंग्रजी नाव 'बेस्ट लूझर', म्हणजे हरलेल्यांतला उत्तम. प्रत्येक समाजाच्या लोकसंख्येला त्या समाजाचे निवडून आलेले खासदार अधिक एक, या आकड्यानं भागायचं. ज्याचं उत्तर सगळ्यात मोठं, त्या समाजावर अन्याय झाला असं समजून त्यातल्या सगळ्यात जास्त टक्के मतं घेऊन पडलेल्याला आत घ्यायचं. पहिल्या चार जागा पक्ष न बघता. पुढच्या चार पक्षांमधला तोल सावरण्यासाठी. अपक्षाला यातलं काही मिळत नाही, म्हणून अपक्ष उभे राहू नका.

आता गणितातली लोकसंख्या कोणती धरायची? १९७२ च्या जनगणनेची. त्यानंतर तिथे जनगणनेत समाज विचारणंच बंद झालं आणि १९८२ मध्ये घटनेत लिहून टाकलं की हिशेब १९७२ चाच. आपल्याकडे १९७२ म्हटलं की दुष्काळ, सुकडी आणि रोजगार हमीची कामं आठवतात. तिथे १९७२ साली जे मोजले गेले ते, जिवंत असोत वा नसोत, अजून खासदार ठरवतायत. आपण नेमके उलट्या दिशेला निघालोय. १९३१ नंतर जनगणनेत सगळ्या जाती मोजल्या नव्हत्या, त्या आता २०२७ च्या जनगणनेत मोजायच्या आहेत. दोन्ही देशांनी एकमेकांकडे एकेक अभ्यासदौरा काढायला हरकत नाही.

हसू येतं, पण हे उगाच केलेलं नाही. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्य हवं की नको हाच मुद्दा होता आणि ४४ टक्के मतं नकोच्या बाजूनं पडली. हिंदूंची संख्या निम्म्याच्या वर, त्यामुळे बाकीच्यांना धास्ती. मार्च १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, त्याच्या दोनच महिने आधी पोर्ट लुईत दंगल होऊन ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. अशा घरात सगळ्यांना ताटावर बसवायचं तर कोणीतरी पानं मोजायलाच हवी होती. आपल्याकडेही पानं मोजतातच. मराठा किती, लिंगायत किती, ओबीसी, दलित, मुस्लिम किती, हे उमेदवारी वाटताना लातूर-नांदेडात कोण मोजत नाही? आपला रकाना अर्जावर नसतो, पक्षाच्या बैठकीत असतो. माझं मत विचाराल तर कागदावर असलेला बरा. निदान त्याविरुद्ध न्यायालयात तरी जाता येतं.

आणि 'हरलेल्यांतला उत्तम' ही कल्पना चाकूरकरांना परकी कशी असेल? शिवराज पाटील चाकूरकर साहेब १९८० पासून सात वेळा लातूरमधून लोकसभेवर गेले, १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष होते. २००४ मध्ये रूपाताई पाटील निलंगेकरांनी त्यांना हरवलं. पराभवानंतर काही दिवसांतच ते देशाचे गृहमंत्री झाले, राज्यसभेवर गेले, आणि पुढे पंजाबचे राज्यपाल. ज्या गावानं हे पाहिलंय त्याला मॉरिशसची घटना शिकवायला बाहेरून तज्ज्ञ कशाला हवा?

मराठी मतं मिळतील काय

ही आशा प्रत्येक जण बाळगतो, म्हणून सांगून ठेवतो. मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत, एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी मुंबई बंदरातून गेलेल्यांचे वंशज. बरीचशी कोकणातून आणि साताऱ्या-कोल्हापुराकडून गेलेली. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. एप्रिल २०२३ मध्ये देवेंद्र फडणवीसांनी तिथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण केलं. शाळांत मराठी शिकवली जाते. एवढं सगळं खरं, पण अर्जावर मराठीचा वेगळा रकाना नाही. तमिळ आणि तेलुगू माणसांसारखे तेही हिंदूंतच मोजले जातात, संख्येनं थोडे आहेत, आणि कोणाला मत द्यायचं हे त्यांना पाच पिढ्यांपासून ठाऊक आहे. चाकूरहून आलेल्या पाहुण्याला ते चहा देतील, मोदक देतील. तिसरी फुली देतीलच असं नाही.

प्रचार

इथे तुम्हाला शिकवण्यासारखं फार नाही. रस्ताभर रंगीत झेंडे, चौकाचौकात पक्षाची पत्र्याची शेड, तिला 'बाझ' म्हणतात, तिच्यात रात्रभर गाणी आणि गप्पा. सभेला बिर्याणी. आश्वासनं ओळखीची: २०२४ मध्ये दोन्ही आघाड्यांनी पगारदारांना वर्षाचा चौदावा पगार देऊ म्हणून सांगितलं. आपल्याकडे त्याच सुमारास लाडक्या बहिणींच्या पंधराशेचे एकवीसशे करायचं चाललं होतं.

काय करू नये, तेही २०२४ च्या सरकारकडून शिका. ३ ऑक्टोबरला ब्रिटन चागोस बेटांवरचं मॉरिशसचं सार्वभौमत्व मान्य करत असल्याचं जाहीर झालं, साठ वर्षांचा प्रश्न, आणि लगेच ४ तारखेला पंतप्रधानांनी संसद विसर्जित केली. मुहूर्त उत्तम होता. तेवढ्यात चोरून टेप केलेली फोनवरची बोलणी 'मिस्ये मुस्तास', म्हणजे मिशीवाले साहेब, या नावानं समाजमाध्यमांवर बाहेर येऊ लागली. सरकारनं १ नोव्हेंबरला निवडणूक होईपर्यंत समाजमाध्यमं बंद करायचा हुकूम काढला, गदारोळ झाला, आणि दुसऱ्याच दिवशी तो मागे घेतला. १० नोव्हेंबरला मतदान झालं. मुख्य बेटावर सत्ताधाऱ्यांना शून्य.

हरण्याची तयारी

त्या शून्यात पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ स्वतःही होते. पण मॉरिशसमध्ये पंतप्रधान पडणं ही मोठी बातमी नव्हे. १९८२ मध्ये शिवसागर रामगुलाम पडले, पुढे गव्हर्नर जनरल झाले, आज देशाचा विमानतळ त्यांच्या नावानं आहे. १९९५ मध्ये अनिरुद्ध जगन्नाथ पडले, पाच वर्षांनी पुन्हा पंतप्रधान. २०१४ मध्ये नवीन रामगुलाम पडले, २०१९ मध्ये पुन्हा पडले, २०२४ मध्ये पंतप्रधान. तिथे राजकारणातून निवृत्त होण्याचा मार्ग अद्याप सापडलेला नाही.

साठ-शून्य झाल्यावर विरोधी बाकांवर कोण बसणार? बार्बाडोस नावाच्या दुसऱ्या बेटावर २०१८ मध्ये तीसच्या तीस जागा एकाच पक्षाला गेल्या तेव्हा जिंकलेल्यांतलाच एक जण काही दिवसांत पलीकडे जाऊन विरोधी पक्षनेता झाला. मॉरिशसला तशी वेळ आली नाही. हरलेल्यांतल्या उत्तमांना यावेळी आठपैकी चारच जागा मिळाल्या, त्यातले जो लेजोंगार्ड विरोधी पक्षनेते झाले. म्हणजे ज्या पद्धतीला आपण इतका वेळ हसलो तिनं संसदेला विरोधी पक्षनेता दिला. मॉरिशसच्या मतदानानंतर दहा दिवसांनी, २० नोव्हेंबर २०२४ ला, महाराष्ट्रानं मतदान केलं. निकालानंतर विधानसभेत एकाही विरोधी पक्षाकडे दहा टक्के जागा नव्हत्या, आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली.

तेव्हा निघायचं असेल तर हिशेब असा. नव्या संसदेची पहिली बैठक नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली, मुदत पाच वर्षांची. पंतप्रधानांनी मध्येच विसर्जित केली नाही तर पुढचं मतदान २०२९ च्या अखेरीस किंवा २०३० च्या आरंभी. दोन वर्षांचं वास्तव्य धरून २०२७ ची दिवाळी तिथेच करावी लागेल. क्रिओल तिथे गेल्यावर शिकता येईल, पण इंग्रजीची शिकवणी इथूनच लावा, आणि आजच लावा.